फिल्टर हाउसिंग बसवताना गळती: आटे, ओ-रिंग आणि गरजेपेक्षा जास्त आवळणं

पाणक्या
घरच्या पाण्याच्या लाइनवर लावायचं फिल्टर हाउसिंग, म्हणजे गाळणीचं कार्ट्रिज आत धरणारं भांडं, वर पाइप जोडायची कॅप आणि खाली फिरवून लागणारा बाउल (१० इंची सडपातळ किंवा ४.५ इंच व्यासाच्या कार्ट्रिजचं जाडं) गळतं ते जवळपास नेहमी तीनच जागी. कॅपच्या इन आणि आउट तोंडाशी आट्यांतून, कॅप आणि बाउलच्या सांध्यातून, किंवा कॅपवरच्या दाब सोडायच्या बटणातून. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींवर लोक एकच उपाय करतात: पाना घेऊन आणखी आवळतात. प्लास्टिकच्या कॅपला हा उपाय मानवत नाही. म्हणून बसवण्याचा पूर्ण क्रम एकदा नीट लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

पहिलं काम टेबलावर करायचं, भिंतीवर नाही. कॅपच्या दोन्ही तोंडांत अडॅप्टर बसवून घ्या आणि मगच कॅप ब्रॅकेटला लावा. भिंतीवर लावलेल्या कॅपमध्ये अडॅप्टर फिरवला की तो पीळ ब्रॅकेटच्या स्क्रूंवर येतो आणि स्क्रूंच्या भोकांपासून कॅप तडकते.

टेफ्लॉन टेप बाहेरच्या आट्यांवर गुंडाळायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर अडॅप्टर फिरवताना ती सुटत मागे गोळा होते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन नळाच्या जाळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकतात. अर्ध्या इंची प्लास्टिक अडॅप्टरला नेहमीच्या पातळ टेपचे ६ ते ८ वेढे, ताणून, आट्यांची रेघ टेपमधून दिसेल इतके घट्ट. जाड टेप असेल तर ३ ते ४ पुरतात.

मग हाताने फिरेल तितकं फिरवा आणि पान्याने एक ते दीड फेरा. त्याच्या पुढे जाऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, एकदा आवळलेला टेपचा जोड कोन जुळवण्यासाठी किंचितही मागे फिरवायचा नाही. मागे फिरला की टेप आट्यांमधून सुटते आणि तो जोड आज नाही तर आठवड्याने पाझरतो. कोन चुकला तर पूर्ण उघडा, जुनी टेप ब्रशने काढा, नवी लावा. एल्बो (काटकोनी जोड) थेट कॅपमध्ये बसवायचा मोह इथेच नडतो. कॅपमध्ये सरळ निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) किंवा अडॅप्टर, त्याच्या पुढे युनियन (नट सोडून उघडता येणारा जोड), आणि वळण युनियनच्या पलीकडे, अशी रचना केली की कोन जुळवायचा प्रश्नच येत नाही.

ब्रॅकेटसाठी हाउसिंगबरोबर आलेलेच स्क्रू वापरा. कॅपमधली भोकं बंद तळाची असतात. लांब स्क्रू तळाला टेकला की कॅप आतून फुटते, आणि ही चीर बाहेरून दिसत नाही.

बाउलच्या खाली किमान ५० ते ७५ मिमी जागा सोडा. नाहीतर कार्ट्रिज बदलताना बाउल तिरका काढावा लागतो, ओ-रिंग (सांध्यात पाणी अडवणारी गोल रबरी कडी) खोबणीतून निघते आणि लक्षात न येता तशीच परत आवळली जाते.

निर्झरा
अतिशय उपयुक्त. एक शंका आहे. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपलाइनला जोडताना पितळी आट्यांचा अडॅप्टर वापरावा की पूर्ण प्लास्टिकचा? दुकानात पितळी जास्त मजबूत म्हणून देतात.

पाणक्या
प्लास्टिकच्या कॅपमध्ये प्लास्टिकचाच. पाइपचे बाहेरचे आटे निमुळते असतात, दर १६ मिमीला व्यास १ मिमीने वाढतो. म्हणजे अडॅप्टर जितका आत जाईल तितकी कॅपची भिंत बाहेर ढकलली जाते, पाचरीसारखी. दोन्ही प्लास्टिक असतील तर दोन्ही थोडे दबतात. पितळ दबत नाही, सगळा ताण कॅपच्या तोंडावर येतो. कधी आवळतानाच टक् असा आवाज येतो, पण बऱ्याचदा तडा काही महिन्यांनी जातो, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

कॅपमध्येच पितळी आटे बसवलेलं हाउसिंग असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पितळी अडॅप्टर चालतो, पण तो अति आवळला तर आतलं पितळी बुश प्लास्टिकमध्ये फिरतं. मग पाणी आट्यांतून न येता पितळ आणि प्लास्टिकच्या मधून येतं. त्यावर टेप, लेप काही चालत नाही, कॅप बदलावी लागते.

आटे_मोजणारा
यात एक भर. कितीही टेप लावली तरी गळतंय अशी तक्रार असेल तर आधी आट्यांची जात तपासा. हाउसिंग एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यांचं आणि अडॅप्टर बीएसपी (ब्रिटिश मापाचा), असं खूप होतं. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत आरामात फिरतात आणि बसल्यासारखे वाटतात. पण एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश आणि बीएसपीचा ५५, शिवाय व्यासातही थोडा फरक. आट्यांच्या शेंड्याशी आणि तळाशी वळणावळणाची पोकळी उरते आणि पाणी त्या वाटेने येतं.

पाव आणि ३/८ इंचात फरक लगेच कळतो. एनपीटीला १८ आटे, बीएसपीला १९, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत अडकतं. एक इंचात ११.५ विरुद्ध ११. अडकलेलं जोराने पुढे ढकललं तर प्लास्टिकचे आटे कापले जातात. हाताने तीन-साडेतीन फेरे सहज न गेलेला अडॅप्टर पान्याने घालू नका.

दुसरं, बीएसपीतही निमुळते आणि समांतर असे दोन प्रकार. समांतर आटे स्वतः पाणी अडवतच नाहीत, तिथे चपटा वॉशर किंवा ओ-रिंग लागते. लवचिक जोडनळीच्या टोकाला फिरता नट आणि आत रबरी वॉशर असतो, तो याच प्रकारातला. त्या नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळायची गरज नाही. उलट टेपच्या जाडीमुळे नट पूर्ण बसत नाही, वॉशर दबत नाही आणि गळती सुरू होते. टेप काढून वॉशर सरळ बसवला की बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबते.

गढूळ_ते_निवळ
टेपऐवजी आट्यांना लावायचा लेप किंवा ताग चालेल का? लोखंडी पाइपला ताग उत्तम काम करतो.

पाणक्या
लोखंडाला करतो, इथे नको. ताग ओला झाला की फुगतो, लोखंड ते सहन करतं, प्लास्टिकचं तोंड उकलतं. लेपाचं सांगायचं तर, पेट्रोलियम आधारित लेप एबीएस (एक कडक प्लास्टिक) आणि पारदर्शक बाउलच्या प्लास्टिकला हळूहळू ठिसूळ करतात. धातूच्या आट्यांसाठी जे बाटलीतलं, हवा न लागता घट्ट होणारं सीलंट मिळतं तेही प्लास्टिकला घातक आहे. पिण्याच्या पाण्याला आणि त्या विशिष्ट प्लास्टिकला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला लेप असेल तरच वापरा. साधी टेप पुरते.

सीपीव्हीसीच्या सॉल्व्हंटबद्दलही हेच. डिंक लावायचं काम हाउसिंगपासून लांब करा. अडॅप्टरला पाइपचा तुकडा आधी चिकटवून डब्यावरचा वेळ पाळा (जमल्यास पूर्ण दिवस), मग तो अडॅप्टर कॅपमध्ये आवळा. कॅपला लावलेल्या अडॅप्टरमध्ये वरून सॉल्व्हंट ओघळलं तर ते आट्यांत उतरतं आणि एबीएसची कॅप तिथेच विरघळायला लागते. पारदर्शक बाउलला तर स्पिरिट, थिनर, फवाऱ्याचं कीटकनाशक, असलं काहीही लागू देऊ नका. जाळीदार बारीक तडे दिसू लागले की तो बाउल बदला.

निर्झरा
आता सांध्याचा प्रश्न. कॅप आणि बाउलच्या मधून दर मिनिटाला एक-दोन थेंब, हाउसिंग गच्चीवरच्या टाकीच्या लाइनवर, टाकी साधारण ४ मीटर वर. हाउसिंगबरोबर आलेल्या पान्याने पूर्ण आवळूनही थेंब थांबत नाहीत. विशेष म्हणजे प्रेशर पंप चालू असताना गळत नाही, बंद असताना गळतं. हे उलटं कसं?

रबर_आणि_खोबण
हे उलटं नाही, ओ-रिंगच्या कामाची पद्धतच तशी आहे. ओ-रिंग आवळल्यामुळे फक्त सुरुवातीचा संपर्क होतो. पुढे पाण्याचा दाबच तिला खोबणीच्या एका बाजूला दाबून फट बंद करतो. ४ मीटर उंचीच्या टाकीचा दाब जेमतेम ०.४ बार. ओ-रिंग जुनी होऊन चपटी किंवा कडक झाली असेल तर एवढ्या दाबाने ती बसत नाही. पंपाच्या २-३ बारला बसते. म्हणजे तुमची ओ-रिंग थकलेली आहे किंवा खोबणीत कण आहे. आणखी आवळून हे बरं होणार नाही.

असं करा. इनचा व्हॉल्व्ह बंद, पुढचा नळ उघडा, बटण दाबून दाब काढा, मगच बाउल उघडा. ओ-रिंग बोटाने दाबून वर काढा, टोकदार धातूने नाही, खोबणीला ओरखडा पडला तर ती जागा कायमची गळेल. ओ-रिंगचा छेद बघा. गोल असायला हवा. एक बाजू सपाट झाली असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, तर बदला. खोबण आणि कॅपच्या आतली बसायची जागा ओल्या मऊ कापडाने पुसा आणि मग बोट फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारा वाळूचा कण बोटाला कळतो.

ओ-रिंगला खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस, अगदी पातळ, चमक येईल इतकंच. पेट्रोलियम जेली लावू नका. बऱ्याच हाउसिंगची ओ-रिंग ईपीडीएम रबराची असते आणि ते पेट्रोलियममुळे फुगतं, मऊ पडतं, दुसऱ्यांदा उघडताना खोबणीत मावतच नाही. एकच अपवाद: ओ-रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस चालत नाही, तेही फुगवतं. आणि बाउलच्या मोठ्या आट्यांवर टेप कधीही लावायची नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते. टेपमुळे बाउल पूर्ण वर चढत नाही, एवढंच होतं.

एक चूक हमखास होते, ती बघून घ्या. बाउल उघडल्यावर जुनी ओ-रिंग कधीकधी वर कॅपला चिकटून राहते. खालची खोबण रिकामी दिसते म्हणून नवी घातली जाते आणि दोन ओ-रिंगा एकावर एक येतात. मग कितीही आवळा, फवारा उडणारच.

निर्झरा
मग बाउल किती आवळायचा? पाना तर बरोबरच दिलेला असतो.

रबर_आणि_खोबण
पाना मुख्यतः उघडण्यासाठी आहे. लावताना हाताने घट्ट, हवंच असेल तर पान्याने फार तर पाव फेरा. हाताने आवळल्यावर कॅप आणि बाउलमध्ये सगळीकडे सारखी फट दिसायला हवी. एका बाजूला जास्त असेल तर आटे तिरके लागलेत. उघडा, आधी उलट दिशेने फिरवा, आटा टप् करून जागेवर पडल्याचं जाणवतं, मग पुढे आवळा.

फट सगळीकडे सारखी पण मोठी असेल तर आत कार्ट्रिज अडतंय. कार्ट्रिज ९ ३/४ इंच (२४८ मिमी) आणि १० इंच (२५४ मिमी) अशा दोन लांबीत येतात. काही बाउलना दोन्ही चालतात, काहींना फक्त लहान. शिवाय कार्ट्रिज बाउलच्या तळाच्या उंचवट्यावर नीट बसलं नसेल तरी बाउल वर चढत नाही.

हातोडी_नको
कॅपवर नेमका किती भार येतो याचा अंदाज द्यावासा वाटतो, म्हणजे तडा का जातो ते कळेल. बाउलचा आतला व्यास ८५ मिमी धरला आणि लाइनचा दाब ४ बार, तर बाउलला खाली ढकलणारं बल सुमारे २२७० न्यूटन, म्हणजे साधारण २३० किलो वजन लटकवल्यासारखं. हे सगळं कॅपच्या आतल्या प्लास्टिकच्या आट्यांवर. त्यात पान्याने आवळल्याचा ताण मिसळला की सुरक्षिततेची शिल्लक आधीच खर्च होते.

साध्या हाउसिंगची मर्यादा बऱ्याचदा १२५ पीएसआय (सुमारे ८.६ बार) आणि ३८ अंश सेल्सिअस अशी छापलेली असते. पण ती स्थिर दाबासाठी. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह झटकन बंद झाला किंवा पंप सुरू-बंद झाला की क्षणभर दाब उसळतो, आणि रोज शेकडो वेळा असं झालं की प्लास्टिक थकतं. पाइपमध्ये ठोका ऐकू येत असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करा. लाइनचा दाब ४-५ बारच्या वर जात असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून तो ३ बारच्या आसपास ठेवा.

गीझरच्या लाइनवर लावत असाल तर आणखी एक सापळा. फिल्टर आणि गीझरच्या मध्ये परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह नसेल तर तापलेलं पाणी मागे सरकून बाउलपर्यंत येतं. तो व्हॉल्व्ह लावला तर तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही, म्हणून गीझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे याची खात्री हवीच.

गढूळ_ते_निवळ
हाउसिंग पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला लावलं तर दाबाचा त्रास वाचेल ना?

हातोडी_नको
थेंब वाचतील, गळती नाही. ओढणाऱ्या बाजूला सांधा सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पुढच्या नळातून फसफसत पांढरट पाणी येतं, पंप मध्येच पाणी ओढणं सोडतो. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून दोष फिल्टरचा आहे हे कळत नाही. कार्ट्रिज तुंबलं की पंपावरही ताण. घरासाठी पंपाच्या पुढेच लावा.

पाव_इंची
सिंकखालच्या छोट्या हाउसिंगला पाव इंची नळी लागते, तिच्याबद्दल थोडं. ढकलून बसवायच्या जोडात पाणी अडवणारी ओ-रिंग नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसते. म्हणून नळीच्या शेवटच्या २०-२५ मिमीवर उभा ओरखडा असेल तर गळणारच. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने कापली की ती लंबगोल होते आणि धार ओ-रिंगला कापते. किती आत जायला हवी तिथे पेनाने खूण करा, ढकला, मग ओढून बघा, आणि जोडाच्या तोंडावरच्या रिंगेखाली छोटी क्लिप लावा. नळी जोडातून निघाल्यावर निदान ५० मिमी सरळ राहू द्या. लगेच वाकवली तर ती ओ-रिंगच्या एका बाजूला दाबते, दुसरी बाजू उघडते. आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. हवेच्या पाइपची ६ मिमी नळी त्यात जाते, पण पाणी अडवत नाही.

आटे_मोजणारा
पाइपचा भार कॅपवर येऊ देऊ नका, हे राहिलं. २० इंची जाडं हाउसिंग पाण्याने भरलं की १० किलोच्या पुढे जातं, त्याचं ब्रॅकेट विटेत नीट खुंटी ठोकून बसवा, प्लास्टरच्या भरवशावर नको. पाइपला दोन्ही बाजूंना, कॅपपासून वीतभर अंतरात, क्लॅम्प द्या. पाइप ओढून युनियनशी जुळवावा लागत असेल तर थांबा, पाइप कापून पुन्हा मोजा. ओढून जुळवलेला पाइप रात्रंदिवस कॅपच्या तोंडाला वाकवत राहतो. नट सुटा असताना युनियनची दोन तोंडं समोरासमोर येऊन टेकली पाहिजेत.

पाणक्या
आता चाचणी. इन, आउट आणि बायपास (फिल्टर वगळून जाणारी वाट) असे तीन बॉल व्हॉल्व्ह बसवले असतील तर काम सोपं. आधी सगळ्या जोडांना कोरड्या टिश्यूची पट्टी गुंडाळा. आउट बंद ठेवून इन अगदी थोडा उघडा, बटण दाबून हवा जाऊ द्या, बटणातून पाणी आलं की सोडा. मग इन पूर्ण उघडा. झटक्यात उघडलं तर आतली हवा दबून उसळते आणि कार्ट्रिजवर आदळते. १५ मिनिटांनी टिश्यू बघा. त्यानंतर रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा, कारण रात्री वापर थांबतो आणि लाइनचा दाब सर्वांत जास्त असतो.

शोध नेहमी वरून खाली. पाणी कॅपच्या तोंडाशी पाझरतं, कडेने उतरतं आणि बाउलच्या बुडाशी थेंब होतो, म्हणून लोक बाउल आवळत बसतात. पहिली ओली पट्टी सर्वांत वरची कोणती, तोच जोड. सगळ्या पट्ट्या कोरड्या आणि बाउल मात्र बाहेरून ओला असेल तर तो घाम आहे. थंड पाणी आणि दमट हवा असली की येतो, पुसून अर्ध्या तासाने सगळीकडे सारखा दव धरतो. गळती एका जागी धरते.

रबर_आणि_खोबण
बटणातून थेंब येत असेल तर तिथेही कणच असतो बहुधा. दाब असताना बटण दोन-तीनदा दाबून धुऊन घ्या. नाही थांबलं तर दाब काढून त्याची छोटी ओ-रिंग बदला.

तडा कुठेही सापडला तर एम-सील, इपॉक्सी, डिंक यांनी बुजवू नका. चीर आतून बाहेर वाढते, लेप बाहेरून असतो. बाउल किंवा कॅप बदला. काही उत्पादक पारदर्शक बाउल ५ वर्षांनी आणि अपारदर्शक १० वर्षांनी बदलायला सांगतात, गळत नसला तरी. उन्हात लावलेला असेल तर त्याच्या आधीच, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं आणि पारदर्शक बाउलमध्ये शेवाळही धरतं. बसवल्याची तारीख मार्करने कॅपवर लिहा.

निर्झरा
ओ-रिंग काढून बघितली, एक बाजू पूर्ण सपाट आहे. नवी आणताना फक्त व्यास सांगून भागेल का?

रबर_आणि_खोबण
नाही, रिंगच्या रबरी दोरीची जाडीही लागते. जाडी अर्ध्या मिलिमीटरनेही कमी असली तर टाकीच्या दाबाला पुन्हा थेंब येतील, जास्त असली तर खोबणीतून बाहेर येऊन आवळताना कापली जाईल. जुनी रिंग ताणलेली असू शकते, म्हणून फक्त तिच्यावरून मोजू नका. खोबणीची रुंदी आणि खोली मोजा, किंवा हाउसिंगचा मॉडेल क्रमांक सांगून त्याचीच मागवा. दोन घ्या. एक बसवा, दुसरी पिशवीत घालून ब्रॅकेटला बांधून ठेवा, पुढच्या कार्ट्रिजच्या वेळी लागेल.